स्तामातची जागा

क्लॅरिनेटची पत्ती जिभेवर ओली करत नेदा मंचाच्या कडेला उभी होती. खाली जत्रेच्या चौकात नाचणाऱ्यांनी एकमेकांचे कमरपट्टे धरायला सुरुवात केली होती. शेजारी मीन्चोकाकांनी अकॉर्डियनचे पट्टे खांद्यावर चढवले.

“जलद नाच घेतोय. कुणासाठी थांबणार नाही, सांगून ठेवतो.”

“मी कुठे म्हटलं थांबा?”

“जिभेला वेग आहे तुझ्या. बोटांना असला तर लग्नसराईत आमच्याबरोबर ये. नाहीतर यांबोल शहरातला क्लॅरिनेटवाला पोरगा तयारच बसलाय.”

काकांच्या ताफ्यातली क्लॅरिनेटची ती जागा स्तामातची, नेदाच्या वडिलांची. त्यांना जाऊन नुकतंच वर्ष झालं होतं, आणि दुःखाच्या वर्षात घरात सूर काढायचा नाही, हा गावाचा नेम. नेदाने तो मोडला नाही. दम टिकावा म्हणून ती अधूनमधून द्राक्षमळ्यांपलीकडे जाऊन लांब सूर धरून येई. घरी मात्र न फुंकता नुसती बोटं चालवी. तरी चाव्या टकटक वाजत, आणि पलीकडच्या खोलीत आईच्या विणायच्या सुया थांबत. मग नेदाने घाई सोडली. बोट आपटायचं नाही, टेकवायचं. उचलायचं तेही खालून कागद सरकेल इतकंच. “लाकडं फोडतेस काय?” असं वडील हसून विचारत, ते तिला आता कळत होतं. हळूहळू टकटक विरली. एका दुपारी आईने पलीकडच्या खोलीतून विचारलं,

“आज नाही का बसलीस?”

तेव्हा नेदाची बोटं तोच जलद नाच संपवत होती.

मीन्चोकाकांनी सुरुवातच चढ्या लयीत केली. पहिल्या फेरीला नेदाचा आवाज खरखरला, दुसरीला मोकळा झाला. काकांनी मान न वळवता लय वाढवली. ती बरोबर होती. त्यांनी पुन्हा वाढवली. ढोलवाला हसायला लागला. नाचणाऱ्यांची रांग वळणावर तुटली, ओरडत पुन्हा जुळली. मग नेदानेच धून वरच्या सप्तकात नेली आणि पुढे निघाली. काकांचा उजवा हात अडखळला, सावरला, पुन्हा अडखळला. शेवटी त्यांनी धून सोडली आणि भाता ओढत खालचा एकच स्वर तिच्यासाठी धरून ठेवला.

नाच संपला तेव्हा चौक दणाणत होता. काका बाहीने घाम पुसत होते.

“अगं भवाने, एवढं तर तुझ्या बापालाही धावता आलं नाही कधी!”

नेदाचं हसू ओठांवरच राहिलं. वर्षभर ती वडिलांना गाठायला बसली होती.

“मग त्या यांबोलच्या पोराचं काय?”

“त्याला म्हणावं, अकॉर्डियन शिकून ये. माझी जागा रिकामी होतेय.”

ढोलवाल्याने टिपरू हवेत उडवलं. खालून हाका सुरू झाल्या: आणखी एक, आणखी एक! नेदाने क्लॅरिनेट ओठांना लावलं. या वेळी तिने संथ नाच धरला. मागून चालत येणाऱ्याला गाठता यावं, इतका संथ.