कुरामोचींना सांगायचं कुणी

"मावशी, अजून थोडा चहा मिळेल?" इसोबेनं पुन्हा विचारलं.

"संपला," मी म्हटलं. किटली भरलेली होती. "ते बसलेत तिकडे. जा आता."

त्यानं दारातून जेवणघरात डोकावून पाहिलं. बाकीची पोरं सराव, आंघोळ, जेवण उरकून पसार झाली होती. कोपऱ्यातल्या टेबलावर आमचे गोलरक्षक कुरामोची एकटेच बांगडा खात बसले होते. त्यांनी सोडलेले काटे पाहून मांजरसुद्धा पाठ फिरवतं.

"जेवू दे त्यांना नीट," इसोबे म्हणाला.

"सकाळी म्हणालास, सराव होऊ दे. मग म्हणालास, आंघोळ होऊ दे. आता जेवण. थोड्या वेळानं म्हणशील, त्यांचं लग्न होऊ दे."

तो हसला नाही. त्याचंही बरोबर होतं. पुढच्या हंगामात कुरामोचींना क्लब ठेवणार नव्हता, आणि जाणाऱ्या खेळाडूंची नावं त्याच संध्याकाळी जाहीर व्हायची होती. आज कुणी सांगितलं नाही, तर एवढी वर्षं क्लबसाठी खपलेल्या माणसाला ते सकाळच्या पेपरात वाचावं लागलं असतं. खरं तर क्लबचे मोठे साहेबच सांगणार होते. पण बैठकीत हा ताठ बसून म्हणाला, "मुख्य प्रशिक्षक मी आहे, मी सांगेन." कुणी बोलावलं होतं मध्ये?

इसोबेला मी त्याच्या अठराव्या वर्षापासून जेवू घालतेय. तेव्हा हा क्लब म्हणजे मासे डबाबंद करणाऱ्या कारखान्याचा संघ होता. याला हाताला धरून आणलं ते कुरामोचींनीच. शाळेच्या संघात ते दोन वर्षं पुढे होते आणि हा त्यांचे हातमोजे धुवायचा. आमच्याकडे शाळेत दोन वर्षं पुढे असलेला माणूस मरेपर्यंत दोन वर्षं पुढेच राहतो. इसोबे डाव्या बाजूचा बचावपटू. कधी कुणाच्या नजरेत भरला नाही, पण चुकलाही फारसा नाही. पुढे गुडघा गेला आणि तो मामाच्या होडीवर माकुळ धरायला जाऊ लागला. तेव्हा कुरामोची धक्क्यावर जाऊन बसले, होडी लागेपर्यंत हलले नाहीत. "लहान पोरांना शिकवायला माणूस हवाय, चल," एवढंच म्हणाले. त्या लहान पोरांपासून चढत चढत यंदाच्या उन्हाळ्यात तो मुख्य प्रशिक्षक झाला.

झाला खरा, पण पहिल्याच बैठकीत त्यानं कुरामोचींसाठी स्वतःची खुर्ची ओढली. पोरं गालात हसली. सप्टेंबरात कुरामोचींच्या हातून चेंडू निसटून गोल झाला, तर हा ओरडला बचावातल्या मात्सुनागावर. लेकी बोले सुने लागे म्हणतात, पण आमची सून डोळे मिटून बसली होती.

"इसोबे," जेवणघरातून हाक आली. "इकडे ये."

तो गेला आणि टेबलापाशी उभा राहिला.

"बस."

तो खुर्चीच्या कडेवर टेकला. "रविवारी गारठा असेल म्हणतात, दादा."

"असेल."

"तुमचा गुडघा कसा आहे?"

"गुडघा तुझा गेला, माझा नाही." कुरामोचींनी जेवायच्या काड्या खाली ठेवल्या. "सकाळपासून मावशींचा चहा ढोसतोयस. मला काय कळत नाही? पोरं हसतात ती मला नाही, तुला. आज मला सांगता आलं नाही, तर उद्या त्यांच्यातला एकही तुझं ऐकणार नाही. माझ्यासाठी खुर्च्या ओढायला उतरवलं का तुला होडीवरून? सांग. आणि माफी मागायची नाही. माफीनं सुरुवात केलीस तर उठून जाईन."

इसोबेनं दोन्ही हात मांड्यांवर ठेवले. मी नळ बंद केला.

"दादा, पुढच्या वर्षी तुम्ही माझ्या संघात नाही."

"कारण?"

"उंच आलेल्या चेंडूला तुम्ही आता उशिरा निघता. एक पाऊल."

"दीड," कुरामोची म्हणाले. "आणि रविवारी?"

घरच्या मैदानावरचा तो शेवटचा सामना होता. सामना संपल्यावर जाणारे खेळाडू लोकांचा निरोप घेतात. पण आम्हाला या गटात टिकायला अजून एक गुण हवा होता.

"रविवारी गोलात हिराबारू खेळेल. तुम्ही बाकावर."

मला त्याचा राग आला. तेवढा एक सामना तरी द्यायचा होता माणसाला.

"मीही तेच केलं असतं," कुरामोची म्हणाले.

ते उठले. खुर्ची आत सारली, सदरा नीट केला, टाचा जुळवल्या. इसोबेही धडपडत उभा राहिला. शाळेपासून या दोघांत नमस्काराला आधी वाकायचा तो इसोबे, आणि जास्त खाली वाकायचा तोही इसोबेच. पण आज कुरामोची वाकले, कमरेत मोडून, पार टेबलाच्या उंचीपर्यंत.

"मुख्य प्रशिक्षक साहेब, मला खेळवलंत, आभारी आहे," ते खालीच पाहत म्हणाले.

इसोबेची मान खाली निघालीच होती. नको रे बाळा, मी मनात म्हटलं. त्यानं ती थांबवली. समोरचं पिकलेलं डोकं वर येईपर्यंत तो हात पाटलोणीला लावून ताठ उभा राहिला. डोळ्यांतलं पाणी हनुवटीवरून गळत होतं, ते त्यानं पुसलं नाही.