माशाच्या रश्श्यात शेवया

वेंडेलरावांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर हंगेरीचा नकाशा पसरला आणि टोकायवर बोट ठेवलं. "इथली गोड वाइन."

"आणि माझी साखर?" समोरच्या घरात राहणाऱ्या एतेल्काबाई म्हणाल्या.

"मग एगेर. तिथली तांबडी."

"तांबडीनं माझं डोकं उठतं. ठाऊक आहे तुम्हाला."

ठाऊक होतं हो, पण माणूस आशेवर जगतो! दोघंही एकटी, दोघांचीही माणसं जाऊन वर्षं लोटलेली. दुपारची कॉफी रोज एकत्र, आणि आता तर गाडी काढून गावोगावचं खातपीत हिंडायचंही ठरलेलं. एवढं सगळं असून अजून आपलं 'तुम्ही' ते 'तुम्ही'च. त्या 'तुम्ही'ला वेंडेलराव पार विटले होते. तिथल्या रीतीप्रमाणे 'तू'वर यायचं तर हातात हात अडकवून पेर्तूचा, म्हणजे 'अरे-तुरे'चा, पेला प्यायला हवा, आणि तो सुचवायचा बाईनं. बाप्यानं आधी तोंड उघडलं की झालाच तो चावट. म्हणून तर बिचाऱ्यानं सहलच अशी आखली होती, की प्रत्येक मुक्कामाला दारूचं तळघर. कुठल्यातरी पेल्यापाशी बाईंचं मन पाघळेल! आणि बाई तर एकेक तळघर दुधातल्या माशीसारखं उचलून फेकत होत्या.

"निदान आपल्या केचकेमेतची जर्दाळूची दारू, पालिंका, तरी बरोबर घेऊ?"

"घ्या की. गुडघ्यांना चोळायला बरी असते."

वेंडेलराव हिरमुसले. पिणं गेलं, आता खाण्यावर भागवायचं. त्यांचं बोट डॅन्यूबवरून खाली सरकत सरकत त्यांच्या जन्मगावी, बॉयाला थांबलं. "इथे माशाचा रस्सा. भरपूर शेवया घातलेला."

एतेल्काबाईंनी कप खाली ठेवला. त्या तिसा नदीकाठच्या, सेगेदच्या. तिकडे रस्सा गाळून दाट करतात, आणि शेवयांचं नावही खपवून घेत नाहीत.

"रश्श्यात शेवया आजाऱ्याला देतात," त्या म्हणाल्या.

"आणि सेगेदच्या रश्श्यात मासा सापडायला वाडग्यात गळ टाकावा लागतो!" वेंडेलरावांच्या तोंडून निघून गेलं.

बाई ताडकन उठल्या. "अरे, अक्कल आहे का तुला? चांगल्या रश्श्याची लापशी करतोस आणि वर मलाच शिकवतोस? मेल्या, जीभ आहे की चामडं तुझी!"

मग त्यांनीच तोंडावर हात ठेवला. कानापर्यंत लाल झाल्या. "माफ करा हं, वेंडेलराव. मी तुम्हाला असं..."

'मेल्या' ऐकून एवढा आनंद वेंडेलरावांना जन्मात झाला नव्हता. पण बाई पुन्हा 'तुम्ही'वर निघाल्या होत्या! आता गप्प बसलो तर उरलेलं आयुष्य 'तुम्ही'तच जाणार. रीतभात गेली खड्ड्यात.

"लापशी म्हणतेस?" ते ओरडले, पण आवाज कापत होता. "बॉयाचा रस्सा तू कधी चाखलास तरी का गं?"

एतेल्काबाईंनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. मग बाई खुर्चीत बसल्या आणि त्यांनी नकाशा आपल्याकडे ओढला.

"नाही चाखला," त्या म्हणाल्या. "आणि चाखेन तेव्हा सगळ्या शेवया काढून तुझ्या वाडग्यात टाकीन. आत्ताच सांगून ठेवते."

"टाक," वेंडेलराव म्हणाले.