तक्रार कक्षातली शेकायची पिशवी

मी बोलतेय, शेकायची पिशवी. अंग रबराचं, रंग तांबडा, मान आखूड आणि पोट हे एवढं. गरम पाणी आत पडलं की मला आनंदाच्या उकळ्या फुटतात, आणि हे मी अगदी शब्दशः सांगतेय.

माझा जन्म कारखान्यातल्या साच्यात झाला. बाहेर आल्या आल्या मला फुगवून पाण्यात बुडवलं, कुठून बुडबुडे येतात का ते पाहायला. मला अशा गुदगुल्या झाल्या की नापास होता होता वाचले. मग औषधाच्या दुकानात, कुबड्या आणि गुडघ्याच्या पट्ट्यांच्या शेजारी, उलटं टांगलं.

तिथून एका सासूबाईंनी मला उचललं. त्यांची सून वीज कार्यालयात तक्रारींचे फोन घ्यायची आणि दिवसभर बसून तिची कंबर धरायची. "कंबर तुझी गेली की घर माझ्या गळ्यात पडेल," असं म्हणत सासूबाईंनी मला सुनेच्या डब्याशेजारी कोंबलं. त्यांच्याकडे माया याच भाषेत बोलायची रीत होती.

कार्यालयात तिला सगळे ताई म्हणत. लांबट खोली, भिंतीला लागून टेबलं, प्रत्येकावर फोन आणि कोपऱ्यात किटली. मी ताईच्या पाठीशी असायचे, अगदी खरीखुरी पाठीशी. पण माझी कीर्ती पसरायला वेळ लागला नाही. कुणाची मान आखडली, कुणाचं पोट दुखलं, कुणाची बोटं गारठली की माझ्या नावाची हाक. साहेब तेवढे लांबून बघायचे. एकदा त्यांनी खाकरून विचारलं, ती तांबडी वस्तू मोकळी आहे का. मग केबिनचं दार लावलं आणि तासभर मला खांद्यावर घेऊन बसले. साहेबांना डोक्यावर बसवून घेणारे मी पुष्कळ पाहिले, साहेबांच्या खांद्यावर बसलेली मात्र मी एकटीच.

मग ऐन थंडीत वादळ आलं. झाडं तारांवर पडली, तारा रस्त्यावर आल्या, अर्धं शहर अंधारात गेलं. आमच्याकडे जनरेटर होता, म्हणून दिवे होते आणि फोनही होते. फोन खाली ठेवायचा अवकाश, की तो वाजलाच. दुरुस्ती चालू आहे, वेळ सांगता येत नाही, हे एकच वाक्य ताई बोलत राहिली. आवाज बसला तरी बोलत राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी कुणीतरी तिला विचारलं, तुम्ही माणसं आहात की दगड. ताईनं हेडफोन काढून ठेवला, मला पोटाशी धरलं आणि मागच्या जिन्यात जाऊन बसली. उद्यापासून येत नाही, असं मलाच सांगून ती रडायला लागली. मी केव्हाच गार पडले होते. रडणाऱ्या माणसाच्या मांडीवर गार पिशवी म्हणजे मेलेला मासाच की.

तेवढ्यात साहेब आले. मला वाटलं, आता बोलणी बसणार. पण त्यांनी मला उचललं, मोरीत रिकामं केलं, किटलीतून भरलं. अर्धं पाणी मला, अर्धं त्यांच्या बुटांना. मग मला ताईच्या मांडीवर परत ठेवून ते पचक पचक बूट वाजवत गेले आणि तिच्या टेबलाशी बसले.

"तक्रार कक्ष. बोला."

पलीकडून काय ऐकवलं गेलं कोण जाणे. साहेबांचे कान माझ्या रंगाचे झाले म्हणतात. आम्हाला जिन्यात नुसतं ऐकू येत होतं, "हो... बरोबर आहे... दगड? तोही मीच." फोनवरच्या इतर बायका तोंडावर हात धरून खिदळू लागल्या. ताईचं पोट हललं, मी हिंदकळले, आणि पाहते तर ताईही हसत होती. डोळे पुसून ती उठली आणि तिनं साहेबांना खुर्चीतून उठवलं.

पुढचा फोन एका आजोबांचा होता. ते चिडले नव्हते. आजींना ताप होता, खिडकीची काच फुटून अंथरूण भिजलं होतं, आणि घरातली शेगडी विजेची. डॉक्टर रस्ता मोकळा झाल्यावर येणार होते.

"लाइट कधी येईल तेवढं सांगा," आजोबा म्हणाले. "खोटं सांगितलंत तरी चालेल. मी तिला तसं सांगेन."

ताईला खोटं सांगवेना. तिनं पत्ता विचारला. तिचा दीर याच कार्यालयात वायरमन. खांबावर चढायला शिडी लागत नाही म्हणून त्याचं नाव लांबू. त्याची गाडी त्याच भागात निघाली होती. ताईनं मला उकळत्या पाण्यानं भरलं आणि त्याच्या हातात दिलं. "भाऊजी, एवढी पोचवाल?"

"आणि वहिनी, तुमची कंबर?"

"ती थांबेल. तुम्ही निघा."

लांबूनं मला जाकिटात घातलं आणि चेन ओढली. गाडीतले सोबती विचारू लागले, सकाळी तर सपाट होतास. वाटेत एका खांबावर चढावंच लागलं, तर मीही चढले. खाली शहर, वर आभाळ, मध्ये त्याचं धडधडणारं काळीज आणि मी. त्या उंचीवर मला इतकं हसू येत होतं की बूच उडेल अशी भीती वाटली.

आजींच्या पावलांशी पोचले तेव्हा मात्र मी निम्मी निवले होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आजींनी पावलं माझ्यावर टेकली आणि डोळे न उघडताच म्हणाल्या, "अहो, हे मांजर कुणाचं? राहू दे, हाकलू नका." मग त्यांच्या दातांची कडकड हळूहळू थांबली.

पण मी काही सूर्य नव्हे. पार गार झाले तेव्हा आजोबा मला घेऊन खालच्या मजल्यावर गेले. तिथल्या बाईंकडे गॅस होता. इतकी वर्षं दोघांत नुसती मान हलवण्यापुरती ओळख. बाईंनी मला भरलं, आणि पाठोपाठ पातेलंभर गरम सूप घेऊन वर आल्या. कुणीतरी फुटक्या खिडकीला पुठ्ठा ठोकला, कुणी कोरडी गादी आणली. मी जिन्यानं वरखाली करत राहिले, हातोहात, वरातीतल्या नवरीसारखी.

डॉक्टर आले, ताप उतरला, आणि दुसऱ्या दिवशी दिवे लागले. आजोबांनी लगेच तक्रार कक्षाला फोन लावला. ताईनं सवयीनं खांदे आवळले असणार. आजोबा म्हणाले, तक्रार काही नाही, पिशवी परत कुठे आणून देऊ? ताईचा बसका आवाज आला, "राहू द्या तिकडेच. सासूबाईंनी दुसरी घेतलीय. मला बोलून बोलून घेतलीय, पण घेतलीय."

तेव्हापासून मी याच इमारतीत, जिन्यातल्या खिळ्यावर असते. ज्याला दुखेल त्यानं न्यावी. आता मानेपाशी चिरा पडल्यात, रंग विटलाय. एक विनंती आहे. मला गळ्यापर्यंत भरू नका, थोडी जागा ठेवा. आणि पोचेपर्यंत निवेल म्हणून न्यायचं टाळू नका. कोमटही पुरतं, मी पाहिलंय.

वरून कुणीतरी जिना उतरतंय. खालच्या बाईंची किटली शिट्टी घालतेय. माझं बूच निघालं. आता रजा द्या, तोंडात पाणी धरून बोलता येत नाही.