फुंकर मारलेली डबी

आर्वीच्या एका जिनिंगमध्ये १९८३ च्या हंगामात डॉक्टर कोकिळाबाई महिनाभर धूळ मोजत होत्या. सरकी वेगळी करणाऱ्या रेच्यात कापूस टाकणाऱ्या प्रत्येक बाईच्या कमरेला छोटा पंप आणि गळ्याशी डबी. पंप हवा ओढे, डबीतल्या पांढऱ्या कागदावर धूळ बसे, संध्याकाळी कागद तोलला जाई. धूळ जास्त निघाली तर मालक हवा ओढणारा पंखा बसवणार होता. दम्याने बेजार झालेल्या मंदाबाईचं सगळं लक्ष त्या पंख्याकडे.

महिन्याअखेर आकडे पाहून मॅनेजर रूपराव खूश झाले.

"बाई, आमच्या जिनात तं देवघरापेक्षा कमी धूळ हाय. पंखा कायले?"

"मग मंदाबाईंच्याच डबीत एवढी कशी?"

"ते पहिलेपासूनच गबाळी हाय."

पण मंदाबाई आणि सगळ्यांत कमी धूळ निघालेली विमलाबाई एकाच रेच्यावर शेजारीशेजारी उभ्या राहत. कोकिळाबाईंनी मंदाबाईलाच विचारलं. ती खाली पाहू लागली.

"फुकाले दमच पुरत नाई, डाक्टरबाई."

"काय फुंकायला?"

"डबी. समद्याजणी उघडून फुकतात, मंग देतात. लोकाइची वस्तू मळकी कशी वापस करावं?"

"मी तं पदरानं पुसतो बी," विमलाबाई म्हणाली.

कोकिळाबाई कापसाच्या ढिगावरच बसल्या. महिन्याचे आकडे फेकून द्यावेत, तर हंगाम संपत आलेला. मग त्यांनी आठवडाभर प्रत्येकीच्या गळ्याशी दोन डब्या लावल्या. उजवी रोजच्यासारखी फुंकायची, डावी हात न लावता द्यायची. आता विचार करा, दोन्ही डब्यांनी हवा एकच ओढली. फरक पडला तर तो फुंकरीचाच. विमलाबाईच्या डावीत उजवीच्या पाचपट धूळ निघाली, मंदाबाईच्या जेमतेम सव्वापट. म्हणून सगळ्यांना एकच पट लावून भागणार नव्हतं. प्रत्येकीचे जुने आकडे तिच्याच पटीने वाढवले, तेव्हा शेजारणींचे आकडे जवळजवळ जुळले. आणि ते चांगलेच मोठे होते.

"म्हंजे तुमी आमच्या बायाइची फुंकर मोजली?" रूपराव म्हणाले.

"मोजावी लागली."

मालकाने कुरकुरत पंखा बसवला. पुढच्या हंगामात कोकिळाबाई पुन्हा मोजायला आल्या. डबीला कोणी हात लावायचा नाही, असं त्यांनी तीनदा बजावलं. विमलाबाईने आपली डबी पदराखाली लपवून आणली.

"मळकीच हाय, बाई. माह्या सासूले सांगजा नको."

मंदाबाईची डबी मात्र लख्ख. कागदावर कणही नाही.

"मंदाबाई, फुंकली का?"

"हो जी," मंदाबाई हसून म्हणाली. "आता दम पुरते."