भगवंताचा खेकडा

महाळुंगे पडवळमध्ये भगवंताच्या रोबोला सगळे खेकडा म्हणत. म्हणोत बापडे! भोसरीची नोकरी सोडून तो दोन वर्षं त्याच्यामागे वेडा झाला होता. लहान मुलांच्या सायकलची चाकं, जीपच्या वायपरची मोटार आणि पुढे दोन सळया. खेकडा रानात चालायचा, थांबून सळया मातीत खुपसायचा. ओल असली तर हिरवा दिवा, नसली तर लाल. आज पुण्याहून कंपनीचे साहेब तो बघायला येणार होते. त्यांनी नापास केला, की खेळ खलास, पुन्हा भोसरी.

चाचणीसाठी त्याने एक वावर मुद्दाम पाण्यावाचून तापत ठेवलं होतं. सकाळीच तो साहेबांना आणायला मंचरला गेला, तो भर उन्हात त्यांना घेऊन थेट बांधावर आला. खेकडा निघाला, थांबला, सळया रुतल्या.

हिरवा दिवा!

"कोरड्या रानात हिरवा?" साहेबांनी पांढरीफटक पडलेली माती बुटाने दाखवली.

भगवंताने खेकडा उचलून थोडा पुढे ठेवला. "थांबा साहेब, पुढं बघू." पुढेही हिरवाच. त्याने वायरी हलवल्या, बॅटरी काढून पुन्हा लावली, मनातल्या मनात भीमाशंकराला साकडं घातलं. पुन्हा हिरवा. मेल्याला आजच अवदसा आठवली होती!

"चुकतंय ना हे?"

"चुकतंय, साहेब," भगवंत म्हणाला.

साहेबांची जीप वळून गेली. भगवंताने खेकडा उचलून बांधावरच्या दगडावर आपटला. सळया वाकल्या, वायरी तटातट तुटल्या, तरी त्याचा राग निवेना.

तेवढ्यात त्याची आई, लंकाबाई, चहाची किटली घेऊन आली. "गेलं व्हय पावणं? चा न घेताच? आन् मी सकाळी तू गेल्या गेल्या हंडं वाह्यलं. त्यांच्या कापडावर धुरळा नको, म्हनून बांधाकडच्या रानात अंगणावानी सडा घातला. चांगला चिखल व्हईस्तोवर!"

भगवंताने मातीत बोट खुपसलं. उन्हाने सुकलेला वरचा पापुद्रा फुटला, आत गार ओल लागली. त्याने मोडका खेकडा जवळ ओढला.

"आई, ह्यो खरं बोलत व्हता गं."

"मग ह्याला खोटा म्हनलं कोन? त्या सायबांनी?"

"न्हाई," भगवंत म्हणाला. "मीच."