मिझेचं बीळ

ऑक्टोपसचं बीळ कुणी कुणाला दाखवत नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. जिला पुन्हा ओहोटीच्या खडकांवर उतरता येणार नाही, तीच आपलं बीळ दुसरीच्या हवाली करते, आणि मग गावाला जे समजायचं ते समजतं.

म्हणून झुवेना सकाळपासून थोरल्या बहिणीच्या खाटेभोवती नुसती घोटाळत होती. मिझेच्या छातीतली गाठ फुटली होती. शहरातल्या इस्पितळानं "आता घरीच ठेवा" म्हणून तिला परत पाठवलं होतं. त्यातच विद्यापीठाची संशोधक उपेंदो गावात आली. तिला समुद्रातल्या खडकांवर वाढणारा नारिंगी स्पंज हवा होता. त्याच्या रसानं बाटलीतल्या कॅन्सरच्या पेशी मरतात, असं तिनं शाळेच्या ओट्यावर बायकांना समजावलं. पुढचं झुवेनाला ऐकूच आलं नाही.

तो स्पंज कुठं असतो ते एकट्या मिझेला ठाऊक. तिच्या बिळाच्या तोंडाशीच तो वाढायचा. लहानपणी तिचे हात त्यानंच खाजायचे आणि आई खोबरेल चोळत बसायची.

"बोल एकदाचं," मिझे म्हणाली. "माशीसारखी काय घोंगावतेस?"

"ताई, तुझं बीळ कुठंय?"

मिझे वर नारळीच्या झावळ्यांकडे बघत राहिली. "इतक्यात?"

"तसं नाही गं. औषधासाठी. तिथला स्पंज..."

"फुटक्या होडीपासून मशिदीकडे पाठ करून चालायचं. वाळू संपली की डावीकडे. आणि ऑक्टोपस काढायची सळी हळू खुपस. तू आपली कायम धसमुसळी."

दुसऱ्या दिवशी, बाकीच्या बाया यायच्या आत, झुवेनानं स्पंज कापून बादली भरली. हातांची आग आग झाली. बिळातून ऑक्टोपसची एक सोंड बाहेर आली, चाचपून आत गेली. तिनं तिकडं लक्षच दिलं नाही.

उपेंदो बादली बघून हरखली.

"औषध कधी देणार?" झुवेनानं विचारलं.

उपेंदोनं बादली खाली ठेवली. पोरगी सरळ होती, खोटं बोलली नाही. "मावशी, एवढ्यातून चिमूटभरही निघणार नाही. निघालं तरी आधी उंदरांना देऊन बघायचं. माणसांपर्यंत यायला माझे केस पिकतील. बहुतेकदा तर हाती काहीच लागत नाही."

"आधी उंदरांना," झुवेना म्हणाली.

"हो."

"माझ्या बहिणीच्या आधी."

उपेंदोनं हातांना लावायला मलम दिलं. झुवेनानं ते घेतलं. हात भाजतच होते.

घरी मिझे जागी होती. "काय म्हणाली?"

"वेळ लागेल म्हणाली."

"माझ्यापेक्षा जास्त?"

झुवेना खाटेच्या पायाशी बसली.

"अगं, औषधासाठी कुणी बीळ देतं का?" मिझे म्हणाली. "तुलाच द्यायचं होतं. तू विचारायची वाट बघत होते. ऑक्टोपस आत होता का?"

"होता."

"मग?"

"मी स्पंजच कापत बसले."

"बीळ दिलं, तर बाई रिकाम्या हातांनी आली." मिझे हसली. हसता हसता तिनं छाती दाबून धरली आणि बराच वेळ डोळे उघडले नाहीत. मग म्हणाली, "उद्या जा. नारळाच्या रसात शिजव. नुसता वास आला तरी पुरे."

सकाळी पाणी उतरलं. झुवेना सळी घेऊन फुटक्या होडीवरून पुढं गेली. ती कुणाच्या वाटेनं चाललीय ते खडकांवरच्या बायांनी पाहिलं, आणि चाललेलं गाणं थांबवलं.