विषाची परीक्षा

संस्कृतीने भाकरीचा तुकडा नाकाशी नेला, हुंगला आणि ताटाच्या कडेला ठेवून दिला. मग पाण्याचा तांब्या उजेडात धरून आत पाहिलं आणि न पिताच खाली ठेवला.

समोर बसलेल्या माधवीचा हात ताटातच थांबला. लेकीचं हे हुंगणं तिच्या ओळखीचं होतं. ती स्वतः कित्येक वर्षं अशीच जेवली होती.

जेवणात कुणीतरी काहीतरी कालवलंय, याची तेव्हा तिला खात्री असायची. कुणाचंही ऐकायची नाही. मग पहिलीतली संस्कृती आईच्या ताटातला पहिला घास स्वतः खायची आणि तोंड उघडून दाखवायची. "बघ आई, मला काय झालं न्हाय." अख्खं अंथुर्णे गाव पोरीच्या समजूतदारपणाचे गोडवे गायचं. विषाची परीक्षा घेऊ नये म्हणतात. या घराने ती एका लहान पोरीकडून रोज घेतली आणि शाबासकी देऊन हात धुतले.

उपचारांनी माधवी सावरली. पोर शिकायला बारामतीच्या हॉस्टेलवर गेली, आणि आता सुट्टीला आली ती निम्मी होऊन.

जेवणं झाल्यावर मोरीपाशी माधवीने हळूच विचारलं,

"कोण कालवतंय गं?"

संस्कृतीने दाराकडे पाहिलं. "मेसमधल्या मावशी. आता हितंबी तसाच वास येतोय. तुला कसं कळलं?" मग आईचा दंड घट्ट धरून म्हणाली, "आजीला सांगू नको."

माधवीने नवऱ्याला सांगितलं. रविंद्र ओसरीवर मोबाईल बघत बसला होता.

"अवं, पोरीला डॉक्टरांकडं न्यायला पायजे. माझं जसं सुरू झालं व्हतं तसंच दिसतंय."

रविंद्रने मान वर केली. "सकाळची गोळी घेतली का?"

"घेतली. मी पोरीचं बोलतीया."

"हॉस्टेलच्या खाण्यानं पोट बिघडलं आसंल," सासूबाई द्वारकाबाई आतून म्हणाल्या. "तुझं येड तिच्या गळ्यात बांधू नगं. उद्या तिला स्थळं बघायचीत."

माधवीच्या अंगाची लाही लाही झाली. भाजीत मीठ कमी म्हटलं तरी गोळी घेतली का. जरा मोठ्याने हसली तरी गोळी घेतली का. घरादाराला राग यावा, तिला मात्र रागाचीही चोरी. आवाज चढला की डोस वाढवायची भाषा व्हायची. या माणसांनी वर्षानुवर्षं एकीवर डोळ्यांत तेल घालून पहारा ठेवला आणि दुसरी त्यांच्यासमोर वाळत चालली, तिच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. माधवी आत जाऊन भांडी घासत बसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताट समोर आलं. माधवीने भाकरी हुंगली आणि ताट उचलून अंगणात फेकलं.

"ह्यात विष हाय. म्या खाणार न्हाय."

रविंद्र उष्ट्या हातानेच उठला. काल खरं सांगितलं तेव्हा कुणी जागचं हललं नव्हतं. आज खोट्याला लगेच गाडी निघाली.

"संस्कृतीला संगं घ्या," द्वारकाबाई म्हणाल्या. "तिच्याबिगर ही कुणाला आवरत न्हाय."

माधवीला तेवढंच हवं होतं.

बारामतीत दवाखान्याच्या दारात दोघींना उतरवून रविंद्र गाडी लावायला गेला. डॉक्टरांच्या खोलीत टेबलापाशी पेशंटची खुर्ची होती आणि भिंतीकडेला सोबत आलेल्या माणसाची. शाळेच्या गणवेशात असल्यापासून संस्कृती भिंतीकडेच्या खुर्चीत बसत आली होती. सवयीने आजही ती तिकडे वळली. पण माधवी तिच्याआधी जाऊन तिथे बसली होती.

"बोला, काय त्रास होतोय?" डॉक्टरांनी माधवीला विचारलं.

"मला काय न्हाय. आज मी हिच्यासंगं आलीया."

डॉक्टरांनी क्षणभर दोघींकडे पाहिलं आणि टेबलापाशी बसायची संस्कृतीला खूण केली. ती बसली. तिचे ओठ कोरडे पडून फुटले होते. डॉक्टरांनी पुढे केलेल्या पाण्याच्या ग्लासकडे ती नुसती बघत राहिली.

माधवी उठली. ग्लास उचलून तिने एक घोट घेतला, गिळला आणि तोंड उघडून लेकीला दाखवलं.

"बघ. मला काय झालं न्हाय."

संस्कृतीने ग्लास दोन्ही हातांनी धरला आणि सगळं पाणी पिऊन टाकलं.